कन्याशाळेतील सहशालेय उपक्रम: आखणी आणि अंमलबजावणी

खान्देशात धर्मभगिनींनी चालविलेल्या कॅथॉलिक कन्याशाळेचा पट पाहिला, तर ख्रिस्ती मुली त्यात सहसा मूठभरच असतात. बाकीच्या मुली शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या घरांतून येतात. कोणाच्या घरी अहिराणी बोलली जाते, कोणाच्या घरी लेवा गणबोली, सातपुड्याच्या बाजूने आलेल्या मुलींच्या घरी पावरी किंवा भिलोरी, तर काहींच्या घरी उर्दू. पालक या शाळेत मुलगी घालतात ती प्रामुख्याने शिस्त, सुरक्षितता आणि अभ्यास यांसाठी. त्यामुळे पहिल्या चाचणीत गुण घसरले, की खेळ, गायन, गाइड पथक आणि विज्ञान मंडळ बंद करण्याची मागणी सर्वांत आधी पुढे येते. जून महिन्यात ज्या शिक्षिकेचे नाव उपक्रमप्रमुख म्हणून जाहीर होते, तिला वर्षभराची आखणी करताना उपयोगी पडावे, या हेतूने हे मार्गदर्शन लिहिले आहे.

यातील मुख्य सूत्र आधीच सांगतो. शाळा सुटल्यानंतर घेतलेला उपक्रम शाळेजवळ राहणाऱ्या मुलींपुरताच राहतो. वेळापत्रकात बसविलेला उपक्रम सर्व मुलींपर्यंत पोहोचतो. पुढील बहुतेक सूचना या एकाच सूत्रातून निघाल्या आहेत.

आधी एसटीचे वेळापत्रक, मग शाळेचे

कोणता उपक्रम घ्यावा, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की कोणती मुलगी किती वाजेपर्यंत शाळेत थांबू शकते? याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक वर्गशिक्षिकेने एक तक्ता भरावा. त्यात मुलीचे नाव, गाव, येण्याचे साधन, सकाळी घरून निघण्याची वेळ, परतीची गाडी आणि ती चुकल्यास पुढची गाडी कोणती, एवढे रकाने असावेत. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो आणि काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाची बस केवळ मुलींसाठी धावते. परंतु पास हातात असला, तरी गाडी ठरलेल्या वेळीच सुटते. पाच वाजता शाळा सुटते आणि साडेपाचची गाडी गेली, की पुढची गाडी सातला असते किंवा नसतेच. अशा वेळी घरी आजी ओट्यावर बसून "पोर घर कव्हय येई?" म्हणून विचारत असते, आणि दुसऱ्याच दिवशी वडील शाळेत येऊन मुलीचे नाव खो-खोच्या संघातून काढून घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वेळ आपण चुकीची निवडलेली असते.

हा तक्ता भरून झाला, की त्यावरून मुलींचे तीन गट आपोआप दिसू लागतात: चालत किंवा सायकलने येणाऱ्या, रिक्षाने येणाऱ्या आणि एसटीवर अवलंबून असलेल्या. वसतिगृह असल्यास तेथील मुलींचा चौथा गट होतो. शाळेतील बक्षिसांची मागील वर्षाची यादी या तक्त्याशेजारी ठेवून पाहावी. तिसऱ्या गटातील मुलींची नावे त्या यादीत किती आहेत, हे मोजले म्हणजे आपल्या उपक्रमांची खरी स्थिती समजते. मुख्याध्यापिका सिस्टरांना आणि शिक्षकसभेला पटवून देण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

वेळापत्रकातील जागा

पुष्कळ शाळांत असे सांगितले जाते, की अभ्यासक्रमच पुरा होत नाही, तेथे उपक्रमांना तास कोठून द्यावा? वस्तुतः राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात या कामासाठी तास दिलेलेच आहेत. आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्व-विकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा, तसेच स्काउट-गाइड, एनसीसी किंवा आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) यांपैकी एक, हे नववी-दहावीचे श्रेणी विषय, म्हणजे गुणांऐवजी श्रेणी मिळणारे विषय, आहेत. खालच्या वर्गांना कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण आहे. प्रत्यक्षात हे तास गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांच्याकडे जातात, आणि वर्षाच्या शेवटी श्रेणी मात्र भरली जाते. म्हणून नवा तास मागण्यापूर्वी हे तास परत मिळवावेत. ही मागणी करताना गणिताच्या शिक्षिकेशी वाद घालू नये. तिच्यावर निकालाचे दडपण असते, हे मान्य करून दहावीचे तास दिवाळीपर्यंत आणि बाकी वर्गांचे तास वर्षभर राखून ठेवावेत, अशी तडजोड बहुतेक ठिकाणी मान्य होते.

दुसरी जागा शनिवारची आहे. शनिवारी सकाळची शाळा असते आणि शेवटचे दोन तास एरवीही ढिले पडतात. हे दोन तास जोडले, की सुमारे सत्तर मिनिटांचा सलग वेळ मिळतो. त्या वेळेत संपूर्ण शाळेची मंडळे एकाच वेळी भरवावीत. प्रत्येक शिक्षिकेकडे एक मंडळ द्यावे. ज्यांना कोणत्याच उपक्रमाची आवड नाही, अशा शिक्षिकेकडे हजेरी, साहित्य आणि नोंदी सोपवाव्यात, कारण तेही काम महत्त्वाचे आहे आणि ते सहसा कोणी करीत नाही. सहा ते आठ मंडळे पुरेशी होतात. त्यापेक्षा अधिक मंडळे काढली, की चार मंडळे केवळ फलकावर उरतात.

मंडळाची निवड मुलीने स्वतः करावी. पसंतीच्या चिठ्ठीवर तीन मंडळांची नावे क्रमाने लिहून घ्यावीत आणि शक्यतो पहिल्या दोनांपैकी एक द्यावे. "तुझा आवाज चांगला आहे, तू गायनात जा" असे शिक्षिकेने ठरविले, की चांगल्या आवाजाच्या मुली गायनात जातात, उंच मुली खेळात, गोऱ्या मुली नाटकात, आणि ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही त्या मुली उरलेल्या मंडळात. ही वाटणी वर्षानुवर्षे तशीच चालत राहते. एका मंडळात तीसपेक्षा अधिक मुली नसाव्यात आणि दिवाळीनंतर एकदा मंडळ बदलण्याची मुभा असावी. पाचवी-सहावीच्या मुलींना मात्र एकच मंडळ न देता वर्षभरात सर्व मंडळांतून फिरवावे. आवड कळण्यासाठी आधी ओळख व्हावी लागते.

आणखी एक गोष्ट खान्देशातील शाळेने विसरू नये. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते आणि अनेक मुली सुट्टीच्या दिवशी, कधी शाळेच्या दिवशीही, शेतात असतात. काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेरगावी जातात. याच काळात नेमक्या आंतरशालेय स्पर्धा असतात. ज्या मंडळांना सलग उपस्थितीची गरज असते, त्यांचे मुख्य काम जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत आटोपावे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गैरहजर राहिलेल्या मुलीचे नाव संघातून कायमचे वगळू नये. फेब्रुवारीपासून ऊन चढते. त्यानंतर मैदानावरचे कोणतेही काम सकाळी लवकरच घ्यावे.

मंडळांत काय करावे

गाइड पथक हा कन्याशाळेसाठी मला सर्वांत मोलाचा उपक्रम वाटतो, कारण त्यात नेतृत्व एकाच हुशार मुलीकडे न राहता वाटले जाते. पथकात २४ ते ३२ मुली आणि प्रत्येक संघात ६ ते ८ मुली असतात, आणि प्रत्येक संघाची नायिका मुलींमधूनच होते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार असा टप्प्याटप्प्याचा क्रम असल्यामुळे नववीत पथक सुरू करून काहीही साधत नाही. पाचवी-सहावीतच नोंदणी करावी. गाइड कॅप्टनचे, म्हणजे पथक चालविणाऱ्या शिक्षिकेचे, प्राथमिक प्रशिक्षण घेतलेली एक तरी शिक्षिका शाळेत असावी, आणि ती सेवानिवृत्त होण्यापूर्वी दुसरी तयार व्हावी. अनेक शाळांतील पथके कॅप्टन गेल्यावर बंद पडली आहेत. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र आणि चुलीवरचा स्वयंपाक यांपैकी शेवटची गोष्ट खेड्यातील मुलींना आधीच येत असते. शहरातील मुलींना ती शिकविण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे, म्हणजे एरवी वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीला बोलावेच लागते.

खेळांमध्ये खो-खो आणि कबड्डी यांना साहित्य फारसे लागत नाही आणि मैदान सर्वत्र असते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा क्रमाने होतात. नोंदणीची मुदत पावसाळ्यातच येते, म्हणून जुलैमध्येच जन्मदाखले तपासून घ्यावेत. खेळाच्या पोशाखाचा प्रश्न आधीच सोडवावा. आखूड पँटमुळे मुलगी खेळणे सोडत असेल, तर संपूर्ण संघाला पायघोळ ट्रॅक पँट द्यावी; एकटीला वेगळा पोशाख देऊ नये. मैदानाजवळ पाणी असलेले स्वच्छतागृह आणि कपाटात सॅनिटरी पॅड नसतील, तर महिन्यातील चार दिवस ती मुलगी येणार नाही आणि कारणही सांगणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातील व सातपुड्यालगतच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. अशा मुलीला उन्हात दमछाक होईपर्यंत धावविणे आणि पाणी न देणे धोक्याचे असते. वर्षारंभी पालकांकडून आरोग्याची माहिती गोपनीय रीतीने घ्यावी आणि ती क्रीडाशिक्षिकेला ठाऊक असावी. आजार आहे म्हणून मुलीला मैदानाबाहेर बसवू नये. गुणलेखक, पंच किंवा तिच्या प्रकृतीला झेपेल असा खेळ, अशी जागा तिला द्यावी.

विज्ञान मंडळासाठी सुसज्ज प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्र शासनाच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेला मुलींच्या पाच कल्पना पाठविता येतात, आणि निवड झालेल्या प्रत्येक कल्पनेसाठी विद्यार्थिनीच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. येथे दोन अडचणी वारंवार येतात. पहिली अशी, की मुलीचे बँक खाते नसते किंवा आधार कार्डावरील व शाळेतील नाव जुळत नाही. हे काम जूनमध्येच उरकावे. दुसरी अडचण कल्पनेची. इंटरनेटवरून उतरवलेला, काडेपेटीएवढ्या मोटारीवर चालणारा पाणबुडीचा नमुना परीक्षकांनी शंभरदा पाहिलेला असतो. त्याऐवजी मुलींना प्रश्न विचारावा: घरी आईचे कोणते काम तुला सर्वांत त्रासाचे वाटते? कापूस वेचताना कमरेला बांधलेल्या झोळीचे ओझे, केळीचा घड बांधावरून गाडीपर्यंत नेताना खांद्याला होणारी इजा, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर बसणारी धूळ, असे विषय लगेच निघतात. रावेर-यावलकडील मुलीला केळीविषयी जे ठाऊक असते, ते मोठ्या शहरातील मुलीला ठाऊक नसते, आणि तिच्या कल्पनेचे बळ तेथेच असते. सहावी आणि नववीसाठी असलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा लेखी, प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन आणि मुलाखत अशा टप्प्यांतून जाते. ज्या मुलींना खरोखर गोडी आहे, त्यांनाच त्यासाठी बसवावे. संपूर्ण वर्गाकडून शुल्क भरून घेण्याची प्रथा योग्य नाही.

चित्रकलेविषयी थोडक्यात सांगता येते. शासकीय रेखाकला परीक्षेत एलिमेंटरी उत्तीर्ण झाल्याशिवाय इंटरमिजिएटला बसता येत नाही, आणि इंटरमिजिएटमध्ये अ, ब किंवा क श्रेणी मिळाल्यास दहावीला अनुक्रमे ७, ५ आणि ३ गुण वाढीव मिळतात. म्हणून आठवीत पहिली आणि नववीत दुसरी परीक्षा द्यावी. संकल्पचित्राचा सराव करताना छापील नमुने गिरविण्यापेक्षा दारापुढील रांगोळी किंवा गोधडीवरील टाके पाहून आकृती काढायला सांगाव्यात.

भाषा मंडळाचा मात्र थोडा विस्ताराने विचार करावासा वाटतो, कारण इंग्रजी संभाषण आणि वक्तृत्व यांपलीकडे ते सहसा जात नाही. दोन्ही आवश्यक आहेत, यात वाद नाही. कॉन्व्हेंट शाळेची ती जुनी ताकद आहे. तथापि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खान्देशात घरोघरी भुलाबाई या मुलींच्या उत्सवातील गाणी म्हटली जातात, आणि ती पूर्ण येणाऱ्या बायका आता आजीच्या वयाच्या आहेत. त्या महिन्यात भाषा मंडळाच्या प्रत्येक मुलीने एक गाणे लिहून आणावे. पद्धत अशी: दोघींच्या जोडीने जावे, आधी गाणे नुसते ऐकावे, दुसऱ्यांदा लिहावे आणि तिसऱ्यांदा वाचून दाखवावे, म्हणजे आजी स्वतःच चुका काढते. पानाच्या वरच्या कोपऱ्यात गाणारीचे वय, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि गाणे कोणाकडून शिकली, हे लिहावे. माहेरच्या गावाची नोंद विशेष महत्त्वाची, कारण एकच गाणे तापीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळ्या शब्दांत सापडते, त्याचा उलगडा बहुधा त्या नोंदीतून होतो. शिक्षिकेने एकच पथ्य पाळावे: लाल शाईने अहिराणीतील "मना भाऊ" खोडून त्यावर "माझा भाऊ" लिहू नये. ज्यांच्या घरी भुलाबाई बसत नाही, त्या मुलींनी अंगाईगीते, लग्नातील गाणी, होळीची गाणी किंवा नाताळची गाणी आणावीत. या पानांचे हस्तलिखित तयार करून ग्रंथालयात ठेवावे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातील मुलांसाठी साने गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढीत, त्या परंपरेच्या प्रदेशात आपण राहतो. छपाईला पैसे नाहीत, ही सबब येथे शोभत नाही.

धर्म, मूल्ये आणि सेवा

कॅथॉलिक शाळेतील उपक्रमांचा धार्मिक भाग नाजूक हाताने, पण स्पष्टपणे हाताळावा लागतो. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणत्याही विद्यार्थ्याला, अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांतही अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे सांगितले आहे. त्यामुळे व्यवस्था अशी असावी, की कॅथॉलिक मुलींचा धर्मशिक्षणाचा तास आणि बाकीच्या मुलींचा मूल्यशिक्षणाचा तास एकाच वेळी, वेगवेगळ्या वर्गांत व्हावा, आणि वेळापत्रकात तो तसाच लिहिलेला असावा. पहिल्या पालकसभेत हे मोकळेपणाने सांगितले, की पुढे कोणाच्याही मनात शंका राहत नाही. नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) सजविणे, गायनवृंदात गाणे किंवा संरक्षक संतांच्या सणाला नाटिका करणे यांत इतर धर्मांच्या मुली आनंदाने येतात. तो भाग स्वेच्छेचा ठेवावा. मूल्यशिक्षणाच्या तासाला मात्र खरा आशय हवा. केवळ बोधकथा वाचून दाखविण्याची ती वेळ नव्हे.

या तासासाठी एक उत्तम पद्धत कॅथॉलिक परंपरेतच तयार आहे. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी रुजविलेली आणि पुढे विद्यार्थी चळवळीने स्वीकारलेली ही पद्धत तीन पायऱ्यांची आहे: पाहा, पारखा, कृती करा. समजा, मुलींनी ठरविले की एसटीच्या उशिराचा प्रश्न घ्यायचा. पहिले तीन आठवडे त्यांनी केवळ नोंद ठेवावी: कोणत्या मार्गाची गाडी, यायची वेळ कोणती, आली कधी, उभ्याने किती मुली गेल्या. नंतर त्या नोंदींवर चर्चा व्हावी: उशीर रोजचा आहे की बाजाराच्या दिवशीचा, त्याचा त्रास कोणाला जास्त, आणि आपण थांब्यावर रांग लावतो का? शेवटी आगारप्रमुखांना एक पानी पत्र लिहून, नोंदीचा तक्ता जोडून, चार मुलींनी शिक्षिकेबरोबर जाऊन ते द्यावे. उत्तर काहीही आले, तरी पंधरा वर्षांच्या मुलीने सरकारी कार्यालयात उभे राहून आपले म्हणणे आकडेवारीसह मांडलेले असते.

सेवाकार्याचे नियोजन करताना वर्षातून एकदा वृद्धाश्रमात फळे वाटून छायाचित्र काढण्याची पद्धत थांबवावी. एका गटाने एकच काम वर्षभर करावे: जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील दुसरी-तिसरीच्या मुलांना आठवड्यातून एकदा वाचायला मदत करणे, किंवा शाळेच्या स्वतःच्या पाचवीतील पावरी बोलणाऱ्या मुलींना मराठी वाचनात साथ देणे. दुसऱ्या कामासाठी शाळेबाहेर जावेही लागत नाही, आणि ज्या नववीच्या मुली स्वतः त्याच बोलीतून आल्या आहेत, त्या हे काम कोणत्याही शिक्षिकेपेक्षा चांगले करतात.

सहली आणि भेटी

सहलीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पालकांचे लेखी संमतिपत्र, पुरेशा महिला शिक्षिका आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी अनिवार्य समजाव्यात. मुक्कामाच्या सहलीला जितक्या मुली येतात, त्याच्या दुप्पट एक दिवसाच्या भेटीला येतात, कारण खर्च कमी असतो आणि मुलगी रात्री घरी परतते. खान्देशातून एक दिवसात जाऊन पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अजिंठा लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. सोमवारी ती बंद असतात, हे न पाहता आखलेल्या सहली फाटकावरून परततात. चित्रकला मंडळाने सर्व लेणी धावत पाहण्यापेक्षा १, २, १६ आणि १७ एवढीच सावकाश पाहावीत आणि आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. गणित मंडळासाठी चाळीसगावजवळचे पाटण फार अर्थपूर्ण आहे: भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद करणारा, इ.स. १२०७ चा शिलालेख तेथे सापडला. इतिहासासाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ आणि १९३६ च्या ग्रामीण काँग्रेस अधिवेशनाचे फैजपूर ही स्थळे आहेत. प्रत्येक भेटीपूर्वी मुलींनी तीन प्रश्न लिहून न्यावेत आणि परतीच्या गाडीतच उत्तरे लिहावीत. दुसऱ्या दिवशी लिहायला लावलेला सहलीचा निबंध सर्व वह्यांत सारखाच असतो.

सुरक्षितता, पैसा आणि पालक

बाहेरून येणारा प्रशिक्षक, मग तो कराटेचा असो, नृत्याचा असो की तबल्याचा, एकटा वर्गात नसावा. शाळेची एक शिक्षिका पूर्ण वेळ उपस्थित असावी. शासनाच्या १० मार्च २०२२ च्या निर्णयानुसार शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणे आवश्यक आहे. सरावाच्या, स्पर्धेच्या आणि प्रवासाच्या वेळी मुलीने कोणाला सांगायचे, हे त्या समितीने वर्षारंभीच मुलींना समोर बसवून सांगावे. स्पर्धेहून परतायला उशीर होणार असेल, तर प्रत्येक मुलगी घरच्या माणसाच्या ताब्यात जाईपर्यंत शिक्षिकेने थांबावे. हे एकदा पाळले गेले, की गावात शब्द पसरतो आणि पुढील वर्षी संमतिपत्रे मागावी लागत नाहीत.

शुल्काबाबत माझे मत ठाम आहे. शनिवारच्या मंडळांसाठी कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत. बाहेरील परीक्षांचे शुल्क ज्यांना शक्य आहे त्यांनी भरावे आणि ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी माजी विद्यार्थिनींचा निधी असावा. हा निधी मागण्याची पद्धतही सोपी आहे. "शाळेसाठी देणगी द्या" असे न म्हणता "गाइडच्या एका मुलीचा गणवेश" किंवा "एका मुलीचे रेखाकला परीक्षेचे शुल्क आणि रंगपेटी" असे नेमके मागावे. कोणत्या मुलीला मदत मिळाली, हे उपक्रमप्रमुख आणि मुख्याध्यापिका यांच्याशिवाय कोणालाही कळू नये.

पालकसभा बाजाराच्या दिवशी ठेवावी, कारण त्या दिवशी आई-वडील तालुक्याला येतातच. सभेत भाषणे कमी करून मुलींनी काय केले ते दाखवावे. वडील सहसा दोन प्रश्न विचारतात: घरी किती वाजता येईल, आणि याचा दहावीला उपयोग काय? पहिल्याचे उत्तर आपण वेळापत्रकातच दिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर रेखाकला, क्रीडा, शास्त्रीय कला आणि लोककला यांच्या सवलतीच्या गुणांनी देता येते, आणि ते द्यावे. पण तेवढ्यावर थांबू नये. मुलीने आगारप्रमुखांना दिलेले पत्र वडिलांच्या हातात ठेवावे.

स्नेहसंमेलन आणि वर्षाची अखेर

स्नेहसंमेलनाने नोव्हेंबर-डिसेंबर गिळून टाकू नयेत, हे कोणत्याही शाळेत सर्वांत अवघड काम आहे. चित्रपटगीतांवरील नाच बसविण्यासाठी त्याच त्या वीस-पंचवीस मुली सहा आठवडे वर्गाबाहेर असतात आणि उरलेल्या खाली बसून टाळ्या वाजवितात. यावर उपाय असा, की प्रत्येक मंडळाने वर्षभरात जे केले, त्यातूनच आपला दहा मिनिटांचा कार्यक्रम तयार करावा: भाषा मंडळाने जमविलेली गाणी, गाइड पथकाचे प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक, मूल्यशिक्षणाच्या गटाची एसटीवरील नाटिका. तयारीसाठी दोन आठवडे पुरतात आणि रंगमंचावर प्रत्येक मुलगी एकदा तरी येते. कार्यक्रम दुपारी ठेवावा, म्हणजे खेड्यातील मुली शेवटचा अंक सोडून उठून जात नाहीत.

सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव मुदतीत गेले नाहीत, तर मुलीच्या तीन वर्षांच्या मेहनतीचे गुण हातचे जातात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच प्रमाणपत्रांच्या छायाप्रती गोळा करून, नावांचे स्पेलिंग दहावीच्या आवेदनपत्राशी ताडून, एक स्वतंत्र फाइल करावी आणि राज्य मंडळाच्या परिपत्रकातील तारीख कार्यालयाच्या फलकावर लावावी. मार्चमध्ये सर्व मंडळांच्या हजेरीवह्या एकत्र करून जूनमधील प्रवासाच्या तक्त्याशी पुन्हा पडताळून पाहाव्यात. एसटीने येणाऱ्या मुलींची हजेरी ज्या मंडळात कमी पडली असेल, त्या मंडळाची वेळ, जागा आणि शिक्षिका यांचा विचार एप्रिलच्या शिक्षकसभेत व्हावा, आणि पुढील वर्षाच्या वेळापत्रकात शनिवारचे ते दोन तास इतर विषयांचे तास भरण्यापूर्वी लिहून ठेवावेत.